रेघेची बखर

जव्हारला ढग घरात येतात हे मी ऐकून होतो. पण ते विचारल्याशिवाय येतात, हे मला गेल्या वर्षी भाद्रपदात कळले. माझी मुलगी तिथे नोकरीला आहे. तिच्याकडे चार दिवस म्हणून गेलो आणि पावसाने व नातवंडांनी मिळून मला दीड-दोन महिने अडकवून ठेवले. सकाळी खिडकी उघडावी तो पांढरा लोट आत यायचा, दांडीवर वाळत घातलेले कपडे पुन्हा ओले करायचा, आणि कुणाला काही न बोलता स्वयंपाकघराच्या दाराने निघून जायचा. अशा गावी एक मुलगा मला भेटायला आला आणि म्हणाला, "सर, माझं ड्रॉइंग ढगात आहे." मी सवयीने खिडकीकडे पाहिले.

मुलगा मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. आयटीआयमध्ये फिटरचे काम शिकलेला, दोन वर्षे नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर राबून परत आलेला. आता मोखाड्याच्या बाजारात पत्र्याच्या एका गाळ्यात तो मोटारी, पंप, फवारणीची यंत्रे, वेळप्रसंगी मोबाइलसुद्धा दुरुस्त करतो. जव्हारात कोणी म्हातारा आला आहे आणि तो आयुष्यभर इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवीत होता, अशी वार्ता त्याच्या कानी गेली होती. पिशवीतून त्याने कुणाचा तरी जुना लॅपटॉप काढला. मग एका फडक्यात गुंडाळलेला बिडाचा एक तुकडा काढला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. मुलीने घाईघाईने त्याखाली वर्तमानपत्र सरकवले.

तो तुकडा म्हणजे एका भाताच्या गिरणीतला, मोटारीचा पट्टा ताणून धरणारा हात होता. कोपरात वाकलेला आणि तिथेच मोडलेला. गिरणी पाड्यावरच्या बायकांच्या बचत गटाची. तो हात मोडला आणि पट्टा ढिला पडून गिरणी बंद झाली. ज्या कारखान्याने ती बनवली तो केव्हाच बंद पडला होता. सुटा भाग मिळेना, आणि त्याचे ड्रॉइंग कुठे असेल हे सांगायलाही कोणी उरले नव्हते. भात कापणीला आले होते. मोखाड्यात दिवाळी झाली की माणसे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जायला निघतात, पाडे निम्मे ओस पडतात. जाताना बांधून न्यायचा तांदूळ तोवर भरडून व्हायला हवा होता. नाही तर डोक्यावर पोती घेऊन दुसऱ्या गावची वाट.

"मी बनवलंय सर. तुम्ही फक्त तपासून द्या," मुलगा म्हणाला.

"तपासून द्या" हे शब्द माझ्या कानावर कितीतरी वर्षांनी पडले. ते कानांत शिरून थेट माझ्या तरुणपणात पोचले म्हणून ही बखर लिहायला बसलो. यंत्राच्या ड्रॉइंगमधली रेघ कोणी मारायची, तिच्याखाली नाव कोणाचे लिहायचे, आणि मारून झाल्यावर ती कोणाच्या कपाटात राहायची, या तीन प्रश्नांवर केवढा इतिहास घडला आहे! पण आपल्याकडे तो फारसा कोणी सांगत नाही. किल्ल्यांच्या बखरी पुष्कळ आहेत. रेघेची एकही माझ्या वाचनात नाही.

मी १९६६ साली मुंबईतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात चिकटलो. तिरक्या फळ्यांवर ओणवी झालेली वीस-पंचवीस माणसे, टी-स्क्वेअर सरकल्याचा खसखस आवाज, आणि बाजूच्या खोलीतून येणारा अमोनियाचा वास. तिथे प्रती निघत. त्या वासाने डोळ्यांत पाणी येई आणि नवा माणूस घरची आठवण येऊन रडतो आहे असे इतरांना वाटे. आधी पेन्सिलीने कागदावर काढायचे, मग त्यावर ट्रेसिंगचे कापड ताणून रुलिंग पेनने काळ्या शाईत गिरवायचे. शाईचा थेंब पडला की दाढीच्या पात्याने खरवडायचा, आणि खरवडताना कापड फाटले तर सकाळपासूनचे सगळे काम मातीत. हे कापड म्हणजे खळ देऊन घोटलेले उत्तम तलम सुती कापड असे. रद्द झालेली ट्रेसिंगे आम्ही घरी नेत असू. गरम पाण्यात भिजवली की खळ आणि शाई निघून जाई आणि खाली राही मलमलीसारखे मऊसूत वस्त्र. माझ्या मुलीची पहिली झबली त्याच कापडाची. आज जव्हारला नोकरी करते तीच ही; कुठल्या तरी पंपाच्या उभ्या छेदावर ती वाढली, असे मी तिला अजून चिडवतो.

प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. रेखाटले, तपासले, मंजूर केले, असे तीन रकाने आणि प्रत्येकासमोर सहीची जागा. पहिली तीन वर्षे मी काढलेल्या ड्रॉइंगांवर 'रेखाटले'च्या रकान्यात माझी नव्हे, माझ्या वरिष्ठांची आद्याक्षरे पडत. का, हे विचारायची पद्धत नव्हती. मी तेव्हा विचारले नाही, आणि ते गृहस्थ आता हयात नाहीत. पण त्या रकान्याकडे माझे लक्ष जाते ते त्या दिवसापासून.

या विद्येचा मूळपुरुष मानतात तो गास्पार माँज. जन्म १७४६चा, फ्रान्सातल्या बोन गावचा. बाप फेरीवाला. मुलगा हुशार, म्हणून मेझिएरच्या लष्करी अभियांत्रिकी शाळेत त्याची वर्णी लागली. पण अधिकाऱ्यांच्या वर्गात बसायला कुळ लागत असे आणि ते याच्यापाशी नव्हते. म्हणून त्याला आराखडे काढणाऱ्या कारागिरांत बसवले. एकदा किल्ल्याच्या तटबंदीचा एक आराखडा त्याच्याकडे आला. शत्रूच्या तोफेचा मारा कुठून कुठपर्यंत पोचेल हे त्या काळी लांबलचक आकडेमोड करून काढीत. माँजने आकडेमोड टाळून केवळ रेघांनी उत्तर काढले. अधिकारी ते पाहीनाच. एवढ्या लवकर हिशेब होणे शक्य नाही, तेव्हा ते चूकच असणार! पुढे पाहिले, पटले, आणि पटताच त्यांनी पहिले काम कोणते केले, तर ती रीत लष्करी गुपित ठरवली. मेझिएरच्या भिंतींबाहेर ती शिकवायला माँजला बंदी झाली. राज्यक्रांतीनंतर, १७९५ साली, त्याला ती पॅरिसमध्ये उघडपणे शिकवता आली.

ती रीत म्हणजे आज आयटीआयचा कोणताही मुलगा पहिल्या वर्षी शिकतो तीच. वस्तू एकाच बाजूने दाखवून भागत नाही. तिचे समोरून दिसणारे रूप एका पाटीवर, वरून दिसणारे दुसऱ्या पाटीवर उतरवायचे आणि दोन्ही पाट्या उलगडून एका कागदावर मांडायच्या. कागद पाहून हजार कोसांवरचा लोहार वस्तू जशीच्या तशी बनवू शकतो. फेरीवाल्याच्या पोराने शोधलेली ही किल्ली कित्येक वर्षे कुलपात राहिली.

आपल्याकडे ही विद्या कशी रुजली याची एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, पण तिच्यातला माझ्या आवडीचा भाग सहसा कोणी सांगत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले ते चित्रकार व्हायला. तिथे कळले की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंगांधळ्याने चित्रकार कसे व्हावे? त्यांनी रंग सोडले आणि यंत्रांची ड्रॉइंगे काढायला शिकले. काळ्या रेघेला रंगाची गरज नसते! पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, आपल्या व्हीजेटीआयमध्ये, महिना ४५ रुपयांवर ते हेच शिकवू लागले. बढतीची वेळ आली तेव्हा ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावला भावाच्या सायकलींच्या धंद्यात पूर्ण वेळ उतरले. १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली असे सांगतात. १९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी माळरान दिले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. एका चित्रकार राजाने चित्रकलेला मुकलेल्या माणसाला आसरा दिला, हा योग मला नेहमी मोठा मौजेचा वाटतो. याच वाडीतून १९२० साली एक मासिक निघाले आणि पुढे महाराष्ट्रातल्या घराघरांत गेले. तेव्हा आपण दिवाळीच्या फराळाबरोबर जे वाचतो, त्याचेही थोडे गोत्र कारखान्याशी जुळते.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव १९२२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, यंत्रविद्या शिकायला गेले आणि १९२६ साली पदवी घेऊन परतले. तेव्हा तिथेही फळी, टी-स्क्वेअर आणि शाईच होती. त्याच एमआयटीत १९६३ साली आयव्हन सदरलँड नावाच्या विद्यार्थ्याने आपला प्रबंध सादर केला. त्याच्या कार्यक्रमाचे नाव 'स्केचपॅड'. काचेच्या पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने रेघ ओढायची. आता रेघ ओढणारी यंत्रे पुष्कळ झाली असती. सदरलँडची करामत वेगळीच होती. या दोन रेघा समांतर ठेव, या दोन सारख्या लांबीच्या ठेव, असे तो यंत्राला सांगू शकत होता, आणि यंत्र वेड्यावाकड्या रेघा सरळ करून त्या आज्ञेत बसवीत असे.

याचा अर्थ मला जव्हारला त्या मुलाच्या लॅपटॉपवर कळला. त्याने माझ्यादेखत एक चौकोन काढला. इतका वाकडा, की माझ्या वर्गात त्याला मी पुन्हा काढायला लावला असता. मग एका बाजूवर बोट ठेवून ७२ लिहिले, दुसरीवर ३८, आणि चौकोन स्वतःला झटकून सरळ उभा राहिला. मी पन्नास वर्षे मुलांना सांगत आलो की आधी माप, मग रेघ. इथे आधी रेघ, मग माप. आणि माप केव्हाही बदला. त्याच्यावर उभे असलेले सगळे, भोके, कडा, गोलाई, आपसूक सरकते. आमच्या ऑफिसात एक माप बदलले की तीन ट्रेसिंगे नव्याने करावी लागत आणि चौथे बदलायचे राहून जाई. त्या राहिलेल्या चौथ्यामुळे किती धातू भंगारात गेला याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

सदरलँडनंतरची वीस वर्षे ही विद्या बड्यांच्या वाड्यात राहिली. विमाने आणि मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांनाच असा संगणक परवडे. १९८२ साली ऑटोकॅड आले आणि ती लहान संगणकावर उतरली. १९९५ साली सॉलिडवर्क्स आले. त्यात कागद बाजूला राहून थेट घनवस्तूच घडवता येऊ लागली. तिचा जनक जॉन हिर्शटिक हाही एमआयटीचाच. विद्यार्थिदशेत तो पत्त्यांच्या जुगारात गणिताने जिंकणाऱ्या प्रसिद्ध चमूत होता, आणि त्या मिळकतीतून त्याने कंपनीला भांडवल घातले असे सांगतात. बलिप्रतिपदेला द्यूत खेळण्याची आपली प्रथा आहे. पण तिच्यातून कारखाना काढल्याचे आपल्या बाजूला तरी ऐकिवात नाही.

या सगळ्यात मराठी मुलखाचा हात लहान नाही. गोदरेजच्या कारखान्यातून निघालेल्या 'जिऑमेट्रिक' या कंपनीने मुंबई-पुण्यात बसून जगातल्या अशा सॉफ्टवेअरांचे भाग लिहिले. २००२ साली फ्रान्सच्या दासो कंपनीबरोबर तिने पुण्यात संयुक्त कंपनी काढली. पीटीसी या अमेरिकी कंपनीचेही पुण्यात मोठे केंद्र आहे. त्या मुलाच्या पडद्यावर चौकोन सरळ झाला त्यामागे पुण्याच्या कुणा अभियंत्याने लिहिलेली चार वाक्ये असतील, तर मला नवल वाटणार नाही.

आता ढग. हिर्शटिकने सॉलिडवर्क्स सोडून २०१२ साली सोबत्यांसह नवी कंपनी काढली आणि २०१५ साली 'ऑनशेप' लोकांपुढे आणले. २०१९ साली पीटीसीने ते विकत घेतले. मुलगा वापरतो ते हेच. त्याचे मर्म असे की आपल्या यंत्रात काही भरायचे नाही. वर्तमानपत्र वाचावे तसे ते इंटरनेटच्या खिडकीत उघडते. भूमितीचा खरा हिशेब दूर कुठेतरी संगणकांच्या कोठारात होतो. हिशेब करणारा गाभा पॅरासॉलिड नावाचा, इंग्लंडातल्या केंब्रिजमध्ये वाढलेला. आपल्या पडद्यावर येतात ते फक्त बारीक बारीक त्रिकोण, ज्यांच्यामुळे वस्तू भरीव दिसते. म्हणून कुणाच्या जुन्या लॅपटॉपवरही ते चालते, आणि मोबाइलवरही. जपून ठेवण्याची खटपट नाही. केलेली प्रत्येक हालचाल तिथे आपोआप नोंदली जाते. आधी कोणता चौकोन काढला, मग तो किती उंच केला, मग भोक कुठे पाडले, अशी ओळीने यादी असते, आणि तिच्यावरून मागे मागे जाता येते. मोडलेल्या हाताचे ते जणू आत्मचरित्रच. मी मागे जात जात मुलाच्या पहिल्या दिवसापर्यंत गेलो. त्याने तो हात चार वेळा चुकीचा काढून पाचव्यांदा बरोबर काढला होता. आमच्या चुका पात्याने खरवडल्या जात. याच्या जपून ठेवलेल्या आहेत. शिक्षकाला याहून मोठी मेजवानी कोणती?

जव्हारात माझ्या ओळखीचे एक-दोघे म्हणाले, "अहो, वारल्यांच्या मुलखातला मुलगा, रेघ यांच्या रक्तातच!" मला हे बोलणे पटत नाही. लग्नचौक काढणाऱ्या बायांची कला थोर आहे, पण त्या गेरूच्या भिंतीचा आणि पट्ट्याच्या हाताचा संबंध नाही. मुलगा व्हर्नियर कॅलिपर घेऊन मोडक्या तुकड्याची मापे तीन-तीनदा घेत होता. याला रक्त म्हणत नाहीत, मेहनत म्हणतात.

मी ड्रॉइंग तपासले. दोन मापे राहिली होती ती घालायला लावली, भोकाला किती सूट चालेल ते लिहायला लावले, आणि "ठीक" म्हणालो. सातपूरला माझा एक जुना विद्यार्थी लेथ आणि मिलिंगचे छोटे वर्कशॉप चालवतो. ओतकाम करायला वेळ नव्हता. पोलादी पट्टी कापून, वेल्ड करून, त्यावर भोके पाडायची असे ठरले. मुलाने ड्रॉइंगचा कागद मोबाइलवर पाठवला, तिथल्या कारागिराने तो छापून यंत्रावर चिकटवला, आणि चौथ्या दिवशी हात एसटीने त्र्यंबकेश्वराच्या वाटेने मोखाड्याला आला. माप तंतोतंत, काम देखणे, आणि उलटा! टोकाचा उंचवटा डाव्या अंगाला हवा होता तो उजव्या अंगाला. आरशात पाहून बनवावा तसा. फिरवून लावावा तर कोपरातला बाक उलट्या दिशेला जाई.

चूक माझी होती. माँजच्या दोन पाट्या उलगडण्याच्या दोन रीती आहेत. उजव्या बाजूने दिसणारे रूप उजवीकडे मांडायचे ही एक. तिला तिसऱ्या कोनाची पद्धत म्हणतात आणि अमेरिकेत ती चालते. तेच रूप डावीकडे मांडायचे ही दुसरी, पहिल्या कोनाची. युरोपात ती चालते, आणि भारतीय मानक ब्युरोच्या १९८८ सालच्या एसपी ४६ या पुस्तिकेने आपल्याकडे तीच ठरवली आहे. मुलाने सॉफ्टवेअरमधला अमेरिकी नमुन्याचा कागद निवडला होता. सातपूरच्या कारागिराने तो आपल्या सवयीने वाचला. कुठली पद्धत आहे हे सांगणारे, एका बाजूला निमुळत्या शंकूचे, छोटेसे चिन्ह कोपऱ्यात असते. ते पाहणे हे तपासणाराचे पहिले काम. मी वर्षानुवर्षे मुलांना त्या चिन्हावरून छड्या मारल्या आहेत. आता कोणाला मारायच्या?

मुलगा मात्र खचला नाही. "सर, कागदच नको," तो म्हणाला. त्याने माझ्या विद्यार्थ्याला फोन लावला आणि ढगातल्या त्या वस्तूचेच दार उघडून दिले. मोखाड्याच्या गाळ्यात आम्ही दोघे लॅपटॉपपुढे, सातपूरला तो त्याच्या टेबलापाशी, आणि मध्ये घाट. तिकडून त्याने हात फिरवून पाहिला, त्याच्या खुणेचा ठिपका इकडे आमच्या पडद्यावर हलताना दिसला. त्याने कोपऱ्याची जाडी दोन मिलिमीटरने वाढवली. आमच्या डोळ्यांसमोर ती वाढली. "सर, तुम्ही आहात ना तिथे? नमस्कार करतो," असे म्हणून त्याने तो ठिपका दोनदा खालीवर हलवला. माझे डोळे भरून आले आणि मला उगीच अमोनियाचा भास झाला.

तेवढ्यात नेटवर्क गेले. गेले ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले. तोवर आमच्यापाशी ड्रॉइंग म्हणून काहीच नव्हते. कपाट होते, किल्लीही होती, पण कपाटापर्यंतचा रस्ताच वाहून गेला होता.

त्या रिकाम्या संध्याकाळी आम्ही गाळ्याबाहेरच्या हातपंपाजवळ बसलो. मोखाड्याचे पाणी हा वेगळाच विषय आहे. वैतरणेच्या धरणांचे पाणी मुंबईला जाते, २०१४ सालचे मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आहे, आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. त्यावर लिहू लागलो तर ही बखर संपणार नाही. पण तो हातपंप पाहून मला एक गोष्ट आठवली ती मुलाला सांगितली. हा पंप 'इंडिया मार्क दोन'. त्याचा वंश मराठवाडा-सोलापूरचा: पूर्वीचे बिडाचे पंप गावकीच्या वापराने मोडून पडत, म्हणून जालना आणि सोलापूरकडे मिशनच्या लोकांनी पोलादी पंप घडवले होते. सोलापूरच्या पंपाचा आधार घेऊन १९७० नंतरच्या दशकात सरकार, युनिसेफ आणि मद्रासचे कारखानदार यांनी मार्क दोन तयार केला. १९७९ साली त्याचे भारतीय मानक निघाले, आयएस ९३०१. आणि त्याचे पेटंट कोणी घेतले नाही. ड्रॉइंगे सर्वांना खुली ठेवली. म्हणून त्याची साखळी, त्याचे बेअरिंग, त्याचा दांडा कोणत्याही कारखान्याचा आणा, बसतो. गिरणी आणि पंप, दोन्ही लोखंडच. एकाचे ड्रॉइंग कुठल्या तरी बंद कारखान्याच्या रद्दीत गेले. दुसऱ्याचे सगळ्या देशाचे झाले.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझंही खुलंच आहे सर. फुकट खातं आहे ना. फुकट खात्यातलं सगळं कुणालाही बघता येतं." हा त्या सॉफ्टवेअरचा नियमच आहे: पैसे भरणाराचे काम खाजगी, फुकट वापरणाराचे सर्वांपुढे, आणि तेही धंद्यासाठी नाही अशा अटीवर. बचत गटाच्या गिरणीला त्याची अडचण नव्हती. उलट अशीच गिरणी जिथे कुठे बंद पडली असेल तिथल्या माणसाला तो हात सापडेल, याचे त्याला बरे वाटत होते. पण उद्या त्याने स्वतःच्या डोक्यातले एखादे यंत्र काढले तर? त्याने विचार केलेला होता. "तेव्हा पैसे भरीन, नाहीतर कागदावर काढीन," तो म्हणाला. कागदावर काढायला तुला येते कुठे, असे मी म्हणालो नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याला फळीवर बसवले.

जव्हारच्या बाजारात ड्रॉइंगची फळी मिळाली नाही. मुलीच्या स्वयंपाकघरातला पोळपाट मोठा होता, पण तो तिने दिला नाही. शेवटी कपाटाची जुनी फळी रंधून घेतली. नेटवर्क आले की तो ढगात काढी, गेले की माझ्यासमोर पेन्सिलीने. त्याची पेन्सिलची रेघ वाईट होती. पंधरा दिवसांनी कमी वाईट झाली.

दुसरा हात बरोबर आला. वसुबारसेच्या आदल्या दिवशी गिरणी सुरू झाली. पट्टा ताठ बसला, भुसा उडू लागला, आणि गटातल्या एका म्हाताऱ्या मावशींनी पहिल्या घाण्यातला मूठभर तांदूळ माझ्या हातावर ठेवला. बाहेर पोती घेऊन माणसे बसली होती. त्यांच्यातल्या काहींची गाठोडी पुढच्या आठवड्यात बांधायची होती.

मी निघायच्या आधी मुलाने एक मोठा कागद आणला. त्या हाताचे ड्रॉइंग त्याने फळीवर स्वतः काढले होते. पहिल्या कोनाच्या पद्धतीने, शंकूच्या चिन्हासकट. तो कागद प्लास्टिकमध्ये घालून गिरणीच्या भिंतीवर लावायचा, म्हणजे नेटवर्क असो-नसो, कंपनी राहो-न राहो, हात पुन्हा मोडला तर कोणीही बनवून आणील. उजव्या कोपऱ्यात चौकट आखलेली होती. 'रेखाटले'चा रकाना मात्र कोरा.

"तुमचं नाव घालू ना सर? तुम्ही शिकवलं."

मी त्याच्या हातात पेन्सिल दिली आणि त्याचे नाव त्याला घालायला लावले; पूर्ण नाव, आद्याक्षरे नव्हेत. मग त्याने 'तपासले'चा रकाना माझ्याकडे सरकवला. मी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला, कॅलिपर मागितला आणि पहिल्यापासून एकेक माप ताडून पाहू लागलो. सही लगेच केली नाही. खालच्या भोकाचे मध्यापासूनचे अंतर लिहायचे राहिले होते.